छत्तीस टक्क्यांचा अर्थ काय? मलेशियातल्या चिनी-मलय तुलनेवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मलेशियाच्या ‘नव्या आर्थिक धोरणा’वरच्या (१९७१ पासून मलय आणि इतर भूमिपुत्रांना, म्हणजे मूळ रहिवाशांना, सवलती देणाऱ्या धोरणावरच्या) माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. २०१९ च्या सरकारी पाहणीत चिनी कुटुंबाचं मासिक उत्पन्न ७,३९१ रिंगिट, मलय कुटुंबाचं ५,४२०. पन्नास वर्षं सरकार मलयांच्या पाठीशी असूनही चिनी ३६ टक्क्यांनी पुढे आहेत. म्हणजे हा फरक कष्टाचा, संस्कारांचा आणि ‘रक्तातल्या’ व्यापारी वृत्तीचा आहे, आणि मी इतिहासाचे दाखले देऊन तो झाकतो. धोरण फसलंच आहे, कंपन्यांच्या भागभांडवलात भूमिपुत्र अजून २० टक्क्यांच्या आत आहेत, आणि आपल्याकडच्या आरक्षणवाल्यांनी यातून धडा घ्यावा.

तफावत खरी आहे, आणि ती मी कुठेही नाकारलेली नाही. माझा आक्षेप आहे तो आकड्यावरून थेट ‘रक्तात’ मारलेल्या उडीला. मधल्या सगळ्या पायऱ्या तुम्ही वगळल्यात.

पहिली पायरी म्हणजे आकडा नेमका कुणाचा ते पाहणं. ५,४२० हा आकडा मलयांचा नाही, भूमिपुत्र या सरकारी गटाचा आहे. त्यात मलयांबरोबर बोर्निओ बेटावरच्या साबा आणि सारावाक या राज्यांमधले कदझान-दुसून, इबान वगैरे आणि मलाया द्वीपकल्पातले ओरांग अस्ली हे आदिवासीही येतात. साबामध्ये दारिद्र्याचं प्रमाण देशात सर्वांत जास्त. २०१९ मध्ये तिथे १९.५ टक्के कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, तर देशाचा आकडा ५.६ टक्के होता. बोर्निओच्या डोंगरातलं इबान कुटुंब आणि क्वालालंपूरमधलं मलय कारकुनाचं कुटुंब एकाच रकान्यात टाकून त्याला ‘मलय’ म्हणता येत नाही. शिवाय मलय हा शब्दसुद्धा तिथे निव्वळ वंशाचा नाही. राज्यघटनेच्या १६० व्या कलमात मलय म्हणजे इस्लाम पाळणारी, मलय भाषा बोलणारी आणि मलय रूढींनी वागणारी व्यक्ती. ज्या गटाची व्याख्याच धर्म आणि भाषा यांवर बेतली आहे, त्याच्या उत्पन्नातून ‘रक्ताचा’ निष्कर्ष कसा निघेल?

हे दोन्ही आकडे मध्यकाचे आहेत, म्हणजे सगळी कुटुंबं उत्पन्नाच्या क्रमाने उभी केली तर बरोबर मधल्या कुटुंबाचे. सरासरी घेतली तर भूमिपुत्र ७,०९३ आणि चिनी ९,८९५, म्हणजे फरक जवळपास ४० टक्के. दोन्ही बरोबर आहेत, पण मध्यकाची तुलना मध्यकाशी आणि सरासरीची सरासरीशीच करायची. हे सांगायचं कारण, १९७० चे जे आकडे नेहमी दिले जातात ते सरासरीचे आहेत: मलय कुटुंब १७२, भारतीय ३०४, चिनी ३९४ रिंगिट. तेव्हा चिनी उत्पन्न मलयांच्या २.२९ पट होतं. २०१९ मध्ये सरासरीवर ते भूमिपुत्रांच्या १.४० पट आहे. १९७० चे आकडे फक्त द्वीपकल्पाचे असल्यामुळे ही तुलनाही पुरती चोख नाही. पण २.२९ वरून १.४० वर येणं याला ‘काहीच बदललं नाही’ असं कुणी म्हणू नये.

आता तुमच्या बाजूचा एक मुद्दा, जो तुम्ही मांडला नाहीत. मलय कुटुंबं मोठी असतात, चिनी लहान. समजा, भूमिपुत्र कुटुंबात ४.२ माणसं आणि चिनी कुटुंबात ३.५ (हे आकडे फक्त रीत दाखवण्यापुरते). मग माणशी ५,४२० चे १,२९० होतात आणि ७,३९१ चे २,११२. फरक ३६ वरून थेट ६४ टक्क्यांवर जातो. पण माणशी भागाकारही अन्याय्य आहे, कारण चार माणसांना दोघांच्या दुप्पट भाडं किंवा दुप्पट वीज लागत नाही. म्हणून अभ्यासक बहुधा माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात. तसं केलं तर २,६४५ आणि ३,९५१ येतात, फरक ४९ टक्के. म्हणजे एकाच पाहणीतून ३६, ४९, ६४ असे तीन फरक निघाले आणि एकही खोटा नाही. प्रत्यक्षात हा भागाकार आधी प्रत्येक कुटुंबासाठी करायचा आणि मग मध्यक काढायचा. इथे मी केला तसा तयार मध्यकाला सरासरी कुटुंबाने भागणं समजावण्यापुरतं ठीक, निष्कर्षासाठी नाही. कमावत्या वयाची, म्हणजे समजा २५ ते ३४ ची माणसं वेगळी काढून पाहणंही भागच आहे, कारण चिनी स्त्रियांचा जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) एकच्या आसपास आला आहे, मलय स्त्रियांचा दोनच्या आसपास आहे, आणि त्यामुळे दोन्ही समाजांची वयं सारखी राहिलेली नाहीत.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे: माणसं राहतात कुठे. २०१९ मध्ये केलांतान राज्यातलं मध्यक उत्पन्न ३,५६३ रिंगिट होतं आणि क्वालालंपूरचं १०,५४९. केलांतानमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मलय आहेत. १९७० मध्ये मलयांपैकी सुमारे १५ टक्केच शहरात होते, चिन्यांपैकी जवळपास निम्मे. तेव्हा दोन समाजांची तुलना करताना आपण नकळत गाव आणि शहर यांची तुलना करत असतो. हा वाटा वेगळा कसा काढायचा ते छोट्या गणितात दाखवतो.

समजा, क गटातले ८० टक्के शहरात राहतात, ख गटातले ५० टक्के. क ची शहरी कमाई ७,०००, ग्रामीण ४,०००. ख ची ६,००० आणि ३,५००. क ची सरासरी ६,४००, ख ची ४,७५०, फरक १,६५०. आता ख ची माणसं क सारखीच ८०-२० वसवून बघा, कमाई मात्र त्यांचीच ठेवा: ५,५०० येतात. म्हणजे ७५० चा फरक नुसत्या वस्तीचा आणि उरलेला ९०० चा. आता उलट करा, क ची कमाई ठेवून त्यांना ५०-५० वसवा: पुन्हा ५,५००, पण या वेळी वस्तीचा वाटा ९०० आणि उरलेला ७५०. पाया कोणता गट धरला यावर उत्तर बदलतं. म्हणून कुणी ‘इतके टक्के फरक समजला, इतके टक्के उरला’ असं ठासून सांगितलं की आधी विचारावं, पाया कुणाचा धरलात?

आणि तो जो ‘उरलेला’ भाग आहे, त्यालाच तुम्ही संस्कार म्हणता. गणिताच्या भाषेत ती फक्त आपण न मोजलेल्या गोष्टींची बेरीज आहे. तिच्यात संस्कारही असतील, पण त्यांच्या आधी रांगेत बरंच काही उभं आहे.

जमिनीचंच बघा. १९१३ च्या मलय राखीव जमीन कायद्याने पेराक, सेलांगोर, नेग्री सेंबिलान आणि पाहांग या ब्रिटिश अमलाखालच्या संघातल्या चार राज्यांत ठरावीक जमिनी मलयेतरांना विकायला बंदी केली आणि पुढच्या सुधारणांनी गहाण टाकण्यावरही बंधनं आणली. हेतू मलय शेतकऱ्याची जमीन वाचवण्याचा होता, आणि ती वाचलीही. पण ज्या जमिनीचं गिऱ्हाईक फक्त मलयच असू शकतं, तिला बाजारभाव कमी आणि तारण म्हणून किंमत त्याहून कमी. कुंपणापलीकडच्या चिनी मालकाला त्याच मापाच्या जमिनीवर जेवढं कर्ज उभं करता येई तेवढं मलय शेतकऱ्याला मिळत नसे. त्यात १९१७ च्या कायद्याने भातजमिनीवर दुसरं पीक घ्यायला मनाई केली, तीही रबराच्या भरभराटीच्या काळात. १९२२ ते २८ च्या रबर-नियंत्रण योजनेत छोट्या मळेवाल्यांचं उत्पादन खऱ्यापेक्षा कमी धरून कोटे ठरवले गेले. शिक्षणाचंही तेच. गावातल्या मलय शाळेत साधारण चार वर्षांचं शिक्षण मिळे, आणि मासेमाराचा किंवा शेतकऱ्याचा मुलगा बापापेक्षा थोडा अधिक जाणता मासेमार किंवा शेतकरी व्हावा, एवढंच उद्दिष्ट १९२० च्या सरकारी अहवालात सरळ लिहिलेलं आहे. इंग्रजी शाळा शहरात होत्या, आणि शहरात चिनी होते.

चिनी बाजूलाही ‘वृत्ती’ हवेत तरंगत नव्हती. पेराकमधल्या लारूत आणि किंता खोऱ्यातल्या कथिलाच्या खाणींभोवती कोंगसी (भागीदारीतल्या सामाईक संस्था) उभ्या राहिल्या, गोत्र आणि बोलीनुसार मंडळं झाली, आणि आपल्या भिशीसारख्या आळीपाळीने पैसे उचलण्याच्या पद्धतीतून बँकेशिवाय भांडवल मिळू लागलं. याला संस्कार म्हणायचं तर म्हणा, माझी हरकत नाही. पण मग दक्षिण चीनमधल्या त्याच फूच्येन-ग्वांगतुंगमधून त्याच संस्कारांची जी माणसं मागे राहिली ती त्या काळात उपाशी का होती, याचंही उत्तर द्यावं लागेल. आणि मलेशियातले सगळे चिनीही व्यापारी नव्हते. १९५० नंतर ब्रिटिशांनी कम्युनिस्ट बंडखोरांची रसद तोडण्यासाठी सुमारे पाच लाख लोकांना काटेरी तारांच्या ‘नव्या गावां’त हलवलं. त्यांत बहुसंख्य चिनी होते, जमिनीचे कागद नसलेले शेतकरी आणि मजूर.

‘रक्ता’च्या मुद्द्याची खरी परीक्षा मलेशियातल्या तमिळ समाजात होते. एक मोठा गट कंगाणी पद्धतीने (मुकादमाने गावाकडून माणसं भरती करून आणण्याच्या पद्धतीने) रबराच्या मळ्यांवर मजूर म्हणून आला. मळ्यावरच लाइनीतलं घर, मळ्यावरच शाळा. दुसरा छोटा गट श्रीलंकेतल्या जाफन्याहून रेल्वेत आणि कचेऱ्यांत कारकून म्हणून आला. जाफन्यात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकन मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, त्यामुळे त्यांना इंग्रजी येत होतं. भाषा तीच आणि बहुतेकांचा धर्मही तोच. पण जाफन्याच्या कारकुनांच्या घरांतून डॉक्टर आणि वकील निघाले, आणि मळ्यावरच्यांची मुलं मळे विकले जाऊन तिथे इमारती उठल्या तेव्हा शहराच्या कडेच्या झोपड्यांत गेली. २००७ च्या नोव्हेंबरात क्वालालंपूरच्या रस्त्यावर हिंड्राफ या भारतीय वंशाच्या हिंदूंच्या हक्कांसाठीच्या संघटनेचा जो मोर्चा निघाला त्यामागे हीच खदखद होती. कोण कोणत्या दारातून आत आला, हे इथे वंशापेक्षा जास्त बोलतं. अमेरिकेतल्या भारतीयांच्या उत्पन्नाचा अभिमान आपण मिरवतो, तेव्हाही हे दार विसरतो.

बाहेर जाणाऱ्यांचंही मोजायला हवं. मलेशिया सोडून सिंगापूरला गेलेल्यांत चिनी फार मोठ्या प्रमाणात आहेत, आणि त्यांत शिकलेले पुष्कळ. ते मलेशियाच्या पाहणीत येतच नाहीत. म्हणजे चिनी आकड्यातून वरचा एक थर गळलेला आहे. हाही मुद्दा तुमच्या बाजूचाच. मोजणी नीट करायची तर तो घ्यावाच लागेल.

भेदभाव दोन्हीकडून आहे. सरकारी नोकऱ्या बहुतांशी मलयांकडे आहेत आणि मॅट्रिक्युलेशनच्या (विद्यापीठाआधीच्या सरकारी अभ्यासक्रमाच्या) ९० टक्के जागा २०१९ मध्ये भूमिपुत्रांसाठी होत्या. दुसरीकडे, खासगी कंपन्यांना सारख्याच पात्रतेचे अर्ज फक्त नाव बदलून पाठवण्याचा प्रयोग झाला तेव्हा मलय नावांपेक्षा चिनी नावांना मुलाखतीची बोलावणी कितीतरी जास्त आली. त्यातला काही भाग मँडरिन येण्याच्या अपेक्षेचा असेल. पण नोकरीचा प्रकार आणि हुद्दा ‘सारखा धरून’ पगाराची तुलना केली, तर हा सगळा भाग हिशेबातून गायब होतो, कारण दाराबाहेरच अडवलेला माणूस त्या हुद्द्यावर कधी दिसतच नाही. हुद्दा हा परिणाम आहे, कारण म्हणून वापरू नये.

भागभांडवलाचा तुमचा आकडा. १९७० मध्ये भूमिपुत्रांचा वाटा सुमारे २.४ टक्के होता, लक्ष्य १९९० पर्यंत ३० टक्क्यांचं होतं, आणि २००४ चा सरकारी आकडा १८.९ टक्के. २००६ मध्ये एका अभ्यासगटाने तोच वाटा ४५ टक्के काढला आणि देशभर वादळ उठलं. फरक मोजणीत होता. सरकार समभागांची दर्शनी किंमत धरत होतं, अभ्यासगटाने शेअर बाजारातली किंमत धरली. शिवाय सरकारी मालकीच्या कंपन्यांतला मोठा हिस्सा भूमिपुत्रांच्या खात्यात टाकला. ही दुसरी गोष्ट करावी की नाही यावर माझं मत स्पष्ट आहे: सरकारी कंपनीचा शेअर केलांतानच्या भातशेतकऱ्याच्या खिशात नसतो, तेव्हा तो त्याच्या नावावर मांडू नये. पण दर्शनी किंमत धरणंही चूकच. दहा रुपयांचा शेअर बाजारात पाचशेला जात असेल तर मालकी पाचशेचीच मोजली पाहिजे.

धोरणामुळेच तफावत घटली, असंही मी म्हणत नाही. पेनांगच्या बायान लेपासला १९७२ पासून निर्यातीसाठी माल बनवणारे जे कारखाने आले त्यांनी खेड्यातल्या हजारो मलय मुलींना पहिला पगार दिला. तो वाटा निर्यातीचा. फेल्डा या सरकारी जमीनविकास संस्थेने कुटुंबामागे साधारण दहा एकर रबर किंवा पाम देऊन भूमिहीनांना वसवलं. तो वाटा धोरणाचा. शिष्यवृत्त्यांचा लाभ मात्र घरातूनच बऱ्या परिस्थितीत असलेल्या मलयांना जास्त झाला, ही टीका मलेशियातले मलय अभ्यासकच करतात आणि ती योग्य आहे.

राहिला आरक्षणाचा धडा. मलेशियात सवलती बहुसंख्य आणि सत्तेवर असलेल्या समाजाला आहेत. आपल्याकडे त्या शतकानुशतकं विहिरीपासून शाळेपर्यंत अडवलेल्यांना. या दोन धोरणांचे परिणाम एकमेकांवर लावायचे तर आधी ती दोन सारखी असल्याचं दाखवावं लागेल.

तुम्हाला हे पुढे न्यायचं असेल तर मलेशियाच्या सांख्यिकी खात्याचे तक्ते वापरा. राज्यवार आणि शहर-गाव वेगळे, भूमिपुत्रांत साबा-सारावाक वेगळे, कुटुंबप्रमुखाचं वय दहा-दहा वर्षांच्या टप्प्यांत, आणि उत्पन्न कुटुंबाच्या आकाराने दुरुस्त केलेलं. सेलांगोरच्या शहरी भागातली, पस्तिशीच्या आतली, पदवीधर मलय आणि चिनी कुटुंबं शेजारी ठेवून किती फरक उरतो ते काढा आणि इथेच खाली लिहा. पाया कोणता गट धरलात तेही लिहा.