सातपूरच्या दादांना उत्तर: पन्नाशीनंतर व्याजापेक्षा हप्ता मोठा

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया मनापासून आणि रागाने लिहिलेली आहे, त्यामुळे नुसते आभार मानून मोकळं व्हावंसं वाटलं नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पन्नाशीनंतर म्हातारपणाची शिल्लक कशी उभी करावी यावर मी लिहिलं होतं. नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर असलेले हे दादा म्हणतात, 51 व्या वर्षी हे ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं आहे. हातात 46 हजार येतात, त्यातले 14 हजार घराच्या हप्त्याला जातात, मुलगा इंजिनीअरिंगला आहे, मुलीचं लग्न व्हायचंय. चक्रवाढीचा फायदा विशी-तिशीतल्यांना, आपल्याला आता काय मिळणार? त्यापेक्षा पीएफ काढून आडगावच्या बाजूला प्लॉट घ्यावा, सिंहस्थामुळे भाव चढतायत.

चक्रवाढीबद्दल तुम्ही बरोबर बोलताय. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. आकडेच मांडते. महिन्याला 10 हजार रुपये 30 वर्षं भरले तर 8 टक्क्यांनी साधारण 1 कोटी 49 लाख होतात आणि 12 टक्क्यांनी 3 कोटी 49 लाख. तिथे व्याजदरावर सगळा खेळ आहे. तेच 10 हजार 10 वर्षं भरले तर 8 टक्क्यांनी सव्वाअठरा लाख आणि 12 टक्क्यांनी 23 लाख. फरक पावणेपाच लाखांचा, आणि तोही जोखीम अंगावर घेऊन. आता व्याज 8 टक्केच ठेवा आणि हप्ता 15 हजार करा. सव्वासत्तावीस लाखांच्या वर जाता. म्हणजे तुमच्या-माझ्या वयात कुठे जास्त परतावा मिळतो हे शोधत फिरण्यापेक्षा हप्ता कसा वाढेल ते बघणं कितीतरी जास्त फायद्याचं आहे. याच कारणासाठी जास्तीच्या एक-दोन टक्क्यांपायी पतसंस्थेत सगळी पुंजी ठेवणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. बँकेतल्या ठेवीला निदान 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. आपल्या जिल्ह्यात किती घरं यात पोळली आहेत ते तुम्हालाही माहीत आहे.

हप्ता आणायचा कुठून, हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. मुलगा शिकतोय तोवर तुम्ही 10 हजारही काढू शकणार नाही, हे मला तुमच्या आकड्यांवरूनच दिसतंय. पण तुम्हीच लिहिलंय की घराचं कर्ज 54 व्या वर्षी फिटतंय. ते 14 हजार ज्या महिन्यात सुटतील त्याच महिन्यात व्हीपीएफला लावा, म्हणजे पीएफमध्ये आपल्या मर्जीने जादा कपात. पगार खात्यावर यायच्या आधीच पैसे बाजूला पडतात, म्हणून ते टिकतात. साठीपर्यंतच्या सहा वर्षांत 8 टक्क्यांनी ते पावणेतेरा लाखांच्या पुढे जातात. गेली कित्येक वर्षं तुमचं घर या 14 हजारांशिवाय चाललंय, आणखी सहा वर्षं चालेल. कर्ज फिटल्यावर गाडी घेऊ, फर्निचर करू असं घरात ठरलं, की तो पैसा गेला.

मुलाची फी पगारातून आणि उधार-उसनवारी करून भरताय, त्याऐवजी उरलेल्या वर्षांसाठी त्याच्या नावावर शैक्षणिक कर्ज काढा. परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यानंतर सुरू होते आणि ती त्याच्या पगारातून होऊ शकते. बापाने पोरावर ओझं टाकलं असं वाटून घेऊ नका. पासष्टाव्या वर्षी दर महिन्याला त्याच्याकडे औषधांचे पैसे मागायला लागणं त्याला जास्त जड जाईल.

आणि लग्न. मी लोकांची रिटर्न भरून देते, त्यामुळे अशी बोलणी माझ्या टेबलासमोर नेहमी होतात. एका जोडप्याने लॉन्सवाल्याने दिलेला कागद पुढे ठेवला होता: भाडं, मांडव, डेकोरेशन आणि 900 ताटं. पीएफमधून किती निघतील एवढंच त्यांना विचारायचं होतं. बाई बराच वेळ त्या 900 वर बोट ठेवून बसल्या होत्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, “यातले चारशे तरी तुमच्या चुलत्यांच्या मानापानाचे आहेत.” त्या दिवशी पीएफचा अर्ज भरला गेला नाही. लग्नासाठी पीएफ काढता येतो, नियमात बसतं. पण तो तुमचा शेवटचा डबा आहे. ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या योजनेतली, पेन्शन बहुतेकांसाठी 15 हजारांच्या पगारमर्यादेवर मोजली जाते, तिच्यातून महिन्याला काही हजारच हातात पडतात. नोकरी बदलताना पेन्शनचे पैसे काढून घेतले असतील, तर ती मागची सेवाही मोजली जात नाही. तुमचं तसं झालंय का, ते पासबुकात आधी बघून घ्या.

प्लॉटवर फार लिहीत नाही. सिंहस्थामुळे भाव चढलेत हे खरं, पण चढलेल्या भावाला तुम्ही विकत घेणार आहात. सातबाऱ्यावर किती नावं आहेत, जमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती आहे का, हे प्रश्न वेगळेच. शिवाय प्लॉटचा कोपरा विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

आता साठीला काय हातात येईल ते बघा. व्हीपीएफचे ते पावणेतेरा लाख आणि फीचे वाचलेले पैसे मिळून समजा 18 लाख झाले, ते ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले आणि दर 8.2 टक्के धरला (2023 च्या एप्रिलमध्ये तो एवढा झाला), तर दर तिमाहीला 36,900 रुपये येतात, म्हणजे महिन्याला 12,300. ठेवताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. यात तुमच्या पीएफची जुनी शिल्लक मी धरलेलीच नाही. तिला हात लावला नाहीत तर आकडा बराच मोठा होईल. एका माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि वहिनींच्या वयाची साठ पूर्ण झाली की त्यांच्या नावावर वेगळं खातं निघतं.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, म्हणून दोघांची स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती वर्षं नोकरीतच सरू द्या.

तुमच्या पगाराच्या स्लिपवर बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) किती आहे ते कळवा, व्हीपीएफ किती लावता येईल ते मी मांडून देते. काही कंपन्या हा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच घेतात, तेव्हा एचआरला आधी विचारून ठेवा.