खऱ्या अनुभवाला कागद नाही, खोटा कागद मात्र पंचवीस हजारांना

पुण्यात कितीतरी वर्षं मी लोकांच्या घरी जाऊन पेशंट सांभाळते. लकवा मारलेले आजोबा, खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आज्या, हॉस्पिटलने 'आता घरी न्या' म्हणून पाठवलेली कॅन्सरची माणसं. नळीतून फीडिंग, कॅथेटरची पिशवी रिकामी करून युरिन किती झालं ते वहीत लिहिणं, स्पंजिंग, डायपर, सक्शन म्हणजे मशीनने घशातला कफ ओढून काढणं, सगळं. एका आजोबांना घरी आणलं तेव्हा माकडहाडावर बेडसोअर होता. वरून तोंड रुपयाच्या नाण्याएवढं, आत बोट जाईल इतका पोकळ. दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा दोनला, तशी रात्रीही दोनला. पाठीखाली उशी, टाचेखाली उशी, चादरीला एक सुरकुती राहू द्यायची नाही. जखम तळातून भरत आली, लाल झाली, मग गुलाबी, मग मिटली. डॉक्टर व्हिजिटला आले, वाकून बघितलं, म्हणाले "व्हेरी गुड नर्सिंग." घरातल्या वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मावशी, डॉक्टरांना चहा टाका."

असू दे. चहाचं दुःख नाही. दुःख हे आहे की हेच काम मला परदेशात करायचं म्हटलं तर मी फ्रेशर!

हो, फ्रेशर. कारण मी काम करते नर्सिंग ब्युरोमार्फत. ब्युरोवाल्याला म्हटलं, दादा, मी इतकी वर्षं काम करते असं एक पत्र द्या, लेटरहेडवर, शिक्का मारून. तर म्हणतो, "कशाला? कुठं पळून जायचंय?" मग खरं कारण बाहेर आलं. "ताई, तुम्ही आमच्या एम्प्लॉयी नाही ना. आम्ही फक्त ओळख करून देतो." वा रे ओळख! पेशंटच्या घरच्यांना फोनवर सांगताना मी 'आमचा अनुभवी, ट्रेन्ड स्टाफ' असते. कमिशन कापताना मी त्यांची असते. एक दिवस दांडी मारली तर दंड लावायलाही मी त्यांचीच. फक्त पत्र मागितलं की मी कोणाचीच नाही. पगार रोख, पीएफ नाही, स्लिप नाही, मस्टर नाही. सरकारला विचारलं तर ही बाई इतकी वर्षं काय करत होती? घरी बसली होती.

आता इस्रायलचं बघा. २०२३ मध्ये भारताचा आणि त्यांचा करार झाला. २०२४ मध्ये तिकडून मागणी आली, बांधकामाला दहा हजार माणसं आणि म्हाताऱ्यांच्या देखभालीला पाच हजार. भरतीचं मोठं काम आपल्याच महाराष्ट्रातून होणार होतं. अट काय, तर दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेचं सर्टिफिकेट, त्यात प्रत्यक्ष कामाचं ट्रेनिंग किमान ९९० तास. मी पेन घेऊन हिशेब केला. माझी ड्युटी बारा तासांची. ९९० भागिले १२ म्हणजे ८३ दिवससुद्धा होत नाहीत! तीन महिन्यांच्या आत होणारी गोष्ट. आमच्यातली कालपरवा कामाला लागलेली पोरगीही तेवढे तास भरून बसलेली असते. पण ते तास माणसाच्या अंगाशी बसून केलेले, संस्थेच्या रजिस्टरमध्ये नाहीत. मी गावाकडे सहा महिन्यांचा पेशंट केअरचा कोर्स केलाय, त्याच्या सर्टिफिकेटवर गुलाबाच्या फुलांची नक्षी आहे, तासांचा आकडा नाही. (ती संस्था आता बंद पडलीय. त्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आहे.)

आणि इथेच एजंट नावाची जमात उगवते. "ताई, एक्सपिरियन्स लेटर नाही? टेन्शन नका घेऊ, करून देतो. हॉस्पिटलचं लेटरहेड, मेट्रनची म्हणजे मुख्य नर्सची सही, दोन वर्षांचं. पंचवीस हजार." म्हणजे मी खरंच केलेल्या कामाचा कागद मला कोणी देत नाही, आणि मी न केलेल्या नोकरीचा कागद बाजारात मिळतो, रेट ठरलेला! वर हा कागद उद्या एम्बसीत पकडला गेला तर व्हिसा माझा नाकारला जाणार, खोटारडी मी ठरणार. हा साहेब तोवर सिम बदलून मोकळा.

कायदा नाही असं नाही. १९८३ चा उत्प्रवास कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. उमेदवाराकडून सेवाशुल्क घ्यायचं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, आणि त्याची पावती द्यायची. सब-एजंट ठेवायला परवानगीच नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी साइटवर कोणालाही बघता येते. मी बघितली. या साहेबांचं नाव नव्हतं. विचारलं तर, "आमच्या पार्टनरचं लायसन्स आहे ना, दिल्लीला." पावती मागितली तर, "ताई, विश्वासावर चालतं हे सगळं." विश्वास म्हणे! माझ्याकडून पासपोर्ट ओरिजिनल, आधार, दहावीचं बोर्ड सर्टिफिकेट आणि टोकन, सगळं 'आजच्या आज, सीट फुल होतायत'. त्याच्याकडून मला काय, तर व्हॉट्सॲपवर अंगठा. पोलीस क्लिअरन्सची पासपोर्ट ऑफिसात फी ५०० रुपये आहे. याच्या यादीत त्याच कागदाचे साडेचार हजार लावलेले. वर म्हणतो मॅडम, तुम्ही फार प्रश्न विचारता.

याच्याकडे देशांचीही थाळीच आहे, जे मागाल ते वाढतो. यूकेचं सांगतो अजून! अरे, ते दार बंद झालं. २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी केअर वर्करसाठी व्हिसा उघडला, तेव्हा नुसती झुंबड. एजंटांनी तिकडच्या मालकाने व्हिसासाठी द्यायचं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट अक्षरशः लिलावात काढल्यासारखं विकलं, लोकांनी लाखांनी पैसे मोजले. तिकडच्या नियमात ते सर्टिफिकेट विकायला बंदी आहे, पण विचारतो कोण. तिकडे उतरल्यावर कोणाला कामच नाही, कोणाला आठवड्यातून चार तास काम, कोणाच्या कंपनीचं बाहेरून माणसं आणायचं लायसन्सच रद्द. आणि लायसन्स रद्द झालं की ६० दिवसांत नवा मालक शोधा नाहीतर परत जा. शेती गहाण टाकून आलेला माणूस ६० दिवसांत काय शोधणार? मग २०२४ च्या मार्चपासून नवरा-मुलं नेणं बंद, आणि २०२५ च्या जुलैमध्ये बाहेरून नवीन केअर वर्कर घेणंच बंद. हे साहेब मात्र अजून स्टेटसला लंडनचा पूल लावून बसलेत.

गल्फचं तर बोलूच नका. "व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर कन्व्हर्ट करू." इथे सांगतात म्हातारी सांभाळायची, तिथे व्हिसा निघतो घरकामाचा. एकदा घरकामाच्या व्हिसावर उतरलं की म्हातारीही तुझी, पोरंही तुझी, बारा माणसांची भांडीही तुझीच, आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात. आमच्यातली एक तशीच जाऊन आली. दिवसा स्वयंपाक, रात्री पेशंट. झोप कधी, हे करारात नव्हतं, कारण करार अरबीत होता.

जर्मनी, जपान हे खरे रस्ते आहेत, ते मला माहीत आहे. पण तिथे भाषा लागते, आणि ती लागायलाच हवी; आजी 'छातीत दुखतंय' म्हणाली आणि मला कळलंच नाही तर? माझी तक्रार भाषेबद्दल नाहीच. मी शिकेन. मी गुजराती शिकले पेशंटसाठी, सिंधी आजीच्या शिव्यासुद्धा शिकले. पण बारा तास ड्युटी आणि दोन तास पीएमटी करून क्लासला कधी जायचं, आणि क्लासची फी भरताना घरभाडं कशातून द्यायचं, हे कोणी सांगेल का? केरळच्या नर्सेसना ट्रिपल विन नावाच्या योजनेतून जर्मनीला पाठवतात. केरळ सरकारची नॉर्का ही संस्था मध्ये आहे, जर्मन सरकारची संस्था मध्ये आहे, आणि भाषेच्या ट्रेनिंगचे पैसे त्या पोरींकडून घेत नाहीत. काम देणारा खर्च करतो. सरळ गोष्ट आहे, गरज त्याला आहे! आपल्याकडेही २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी माणसं पाठवायचा करार केला, मोठे फोटो आले पेपरात. मी फोटो जपून नाही ठेवला.

आणि वर ऐकवणारे आहेतच. "कशाला जाता ताई, इथे काय कमी काम आहे?" काम कमी नाही हो. काम इतकं आहे की दिवाळीला सुट्टी मागितली तर ब्युरोवाला फोन उचलत नाही. ज्यांची स्वतःची पोरं न्यू जर्सीत आणि सिडनीत आहेत, ज्यांच्या आईला मी भरवते, त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर 'आपला देश सोडू नये' म्हणून सांगावं? जीभ चावून गप्प बसते, कारण शेजारी आजी असते आणि तिला सगळं ऐकू येतं.

मला कोणाची मेहेरबानी नको. पंचवीस हजारांचं खोटं पत्र नको. एक खरं पान हवंय. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या प्रकारचे पेशंट, रोज किती तास. सही, शिक्का. 'एवढं जुनं रेकॉर्ड कुठून आणू,' म्हणतो ब्युरोवाला. अहो दादा, तुमच्या टेबलाच्या खणात लाल कापडी बांधणीच्या वह्या आहेत ना, त्यात माझी प्रत्येक ड्युटी लिहिलीय. पेशंटचं नाव, डे की नाइट, तारीख, आणि पुढे तुमचं कमिशन, पैशासकट. एका दिवसाचाही घोळ नाही त्यात. त्याच पानांची झेरॉक्स काढून खाली शिक्का मारा. झेरॉक्सचे पैसे मी देते.