ढँण ढँण ढँण

काल रात्री आमच्या घरात तीनदा वीज कडाडली. बाहेर नाही, टीव्हीत. मालिकेतल्या सुनेनं दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवलं, सासूनं मान वळवली, तेवढ्यावर ढँण ढँण ढँण. मग सासू, नणंद, जाऊ, प्रत्येकीच्या चेहऱ्यावर एकेक. शेवटी मी टीव्ही म्यूट केला आणि आईला ओरडून विचारलं, "अगं, हे संगीत आहे की फटाक्यांची माळ?" ती स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. ते शेवटी सांगतो.

आवडता संगीतकार कोण असं विचारलं की आपण लगेच गाणी मोजायला लागतो. मीही त्यातलाच. पण पंचम (राहुलदेव बर्मन) मला सगळ्यात जास्त आवडतो तो 'शोले'च्या (१९७५) गाणी नसलेल्या जागांमध्ये, म्हणजे पार्श्वसंगीतात. तिन्हीसांजेला जय बाहेर बसून माउथ ऑर्गन वाजवतोय, समोर हवेलीत राधा एकेक दिवा मालवत जातेय. कुणी एक शब्द बोलत नाही. ती धून भानू गुप्तांनी वाजवलीय, आणि प्रेमाचा उल्लेखही न होता सगळं कळतं. आणि त्याच सिनेमात ठाकूरच्या घरादाराचा गब्बर फडशा पाडतो, तेव्हा कानात राहते ती झोपाळ्याची करकर. पन्नास व्हायोलिनं लावायचा मोह तिथे कुणालाही झाला असता.

माझा सगळ्यात लाडका प्रसंग मात्र सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'तला (१९५५). रविशंकरांनी या सिनेमाचं संगीत एका रात्रीत, साधारण ११ तासांच्या बैठकीत केलं, तेही निम्माअर्धा कच्चा सिनेमा पाहून. हरिहर खूप दिवसांनी गावी परततो. घराची पडझड झालेली. आणलेल्या वस्तू एकेक करून बायकोला दाखवतो आणि मग दुर्गासाठी घेतलेली साडी पुढे करतो. लेक गेलीय हे त्याला ठाऊकच नाही. सर्बजया ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तोंड तिचं, पण आवाज येतो तो तारशहनाईचा, वरच्या सप्तकातल्या पटदीप रागाचा. (तारशहनाई म्हणजे गजानं वाजवायचा एसराजच, फक्त त्याला ग्रामोफोनसारखा कर्णा लावलेला.) पटदीप म्हटलं की आपल्याला 'मर्मबंधातली ठेव ही' आठवतं. किती गोड, किती जपून ठेवलेलं. इथे तोच राग अंगावर येतो.

खरं सांगू? रडण्याचा आवाज काढून टाकलाय हे मला तिसऱ्यांदा पाहताना कळलं. आधीच्या दोन्ही वेळा मी तिला रडताना ऐकलं होतं, अशी माझी पैजेवर खात्री होती.

संगीतकार बर्नार्ड हर्मनचा 'सायको' (१९६०) म्हटलं की सगळे न्हाणीघरातल्या त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनांवर बोलतात. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे संगीत नकोच होतं, हर्मननं तरीही लिहिलं आणि ते ऐकून साहेबांनी मत बदललं. पण मला आवडतो तो त्याआधीचा गाडीचा प्रवास. आवाज बंद करून बघा: पाऊस, वायपर, एक बाई गाडी चालवतेय. कोथरूडहून हडपसरला निघाली असेल बापडी! आता आवाज लावा. पोटात गोळा येतो. आणि अख्ख्या सिनेमाच्या संगीतात फक्त तंतुवाद्यं, ना ढोल ना तुतारी.

संगीतकार वनराज भाटियांवर ('अंकुर'पासून 'तमस'पर्यंत) आणि रविशंकरांकडे सतार शिकलेल्या आपल्या भास्कर चंदावरकरांवर ('सामना' पुन्हा बघा, कान देऊन) वेगळी पोस्ट लिहीन. असं मी दोन वर्षं म्हणतोय, ते सोडा.

या सगळ्यांत मला एकच गोष्ट दिसते. पडद्यावर जे दिसतंय तेच ते पुन्हा वाजवून दाखवत नाहीत. पोरगी गेली हे आपल्याला आधीच माहीत असतं, पटदीप ते सांगायला येत नाही. ज्या बाईला धड रडताही येत नाही, तिच्या वतीनं तो रडतो. मालिकेत मात्र सासू रागावलेली दिसते, संवादात ती रागावल्याचं सांगते आणि वर ढँण.

हे सगळं भाषण मी काल आईला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून दिलं. तिनं लाटणं न थांबवता ऐकून घेतलं आणि मघाचंच पुन्हा म्हणाली, "अरे, मी काय तिथे बसून बघते का? मी इथे पोळ्या करते. ढँण वाजलं की गॅस बारीक करून बाहेर येते. तू आवाज बंद केलास, आता मला कसं कळणार?"

मी मुकाट्यानं जाऊन आवाज सुरू केला.