शिकागोचे ते महाल कुठल्याही लुप्त साम्राज्याचे नव्हते

दहावीतल्या भाचीने इतिहासाच्या प्रकल्पात लिहिलं, ‘शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातले महाल टार्टारिया नावाच्या प्राचीन साम्राज्याचे होते, पुरावा मिटवायला ते पाडले.’ हे ज्ञान व्हॉट्सअ‍ॅपवरच्या व्हिडिओतलं. तोच व्हिडिओ महिनाभरात मला तिघांनी पाठवला. आता गप्प बसवत नाही.

‘घोडागाड्यांच्या काळात दोन वर्षांत इतके संगमरवरी महाल उभे राहणं अशक्य.’ अहो, संगमरवर होता कुठे? लोखंडाचा आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर ‘स्टाफ’चं कवच. स्टाफ म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, थोडं सिमेंट आणि तागासारखे धागे. पेणला गणपतीच्या कारखान्यात गेला असाल तर हे तुम्ही पाहिलंय. साच्यात प्लास्टर, त्यात काथ्या दाबून बसवायचा, म्हणजे पातळ कवच तडकत नाही. साच्यातून निघालेल्या मूर्तीवर टिचकी मारा, पोकळ वाजते. शिकागोचे खांब, कमानी, पुतळे याच जातीचे. रंगसुद्धा ब्रशने देत बसले नाहीत, पंपाला नळी लावून पांढरा फवारला. बांधकामाचा प्रमुख डॅनियल बर्नहॅम याने हजारो कामगार प्रदर्शनाच्या जागेवर, जॅक्सन पार्कच्या दलदलीत राबवले. टार्टारियाच्या नावाने त्या माणसांची मेहनतच पुसली जाते, याचा मला सर्वात जास्त राग आहे.

‘बांधकामाचे फोटोच नाहीत.’ हे धडधडीत खोटं. चार्ल्स डडली आर्नल्ड हा प्रदर्शनाचा अधिकृत छायाचित्रकार, आणि त्याने बांधकाम चालू असतानाच फोटो काढून ठेवलेत. १६८७ फूट लांब आणि ७८७ फूट रुंद अशा ‘मॅन्युफॅक्चर्स’ इमारतीच्या उघड्या लोखंडी कमानी त्यांत दिसतात. एवढा एक पुरावा पुरे आहे.

‘मुद्दाम नष्ट केलं.’ मुळात सहा महिन्यांसाठी बांधलेलं, त्यात नंतर आगी लागल्या. जुलै १८९४ च्या आगीत बरंच जळालं. ललितकला भवन मात्र वाचलं, कारण उसन्या आणलेल्या चित्रांसाठी ते आतून विटांचं बांधलं होतं. त्याचंच पुढे विज्ञान आणि उद्योग संग्रहालय झालं, आजही आहे. पुरावाच मिटवायचा होता, तर हे का ठेवलं?

‘स्वामी विवेकानंद टार्टारियाच्या महालात बोलले’ हे तर आपल्या लोकांसाठी खास जोडलेलं दिसतंय. सर्वधर्म परिषद जॅक्सन पार्कमध्ये भरलीच नव्हती. ती शहरातल्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत झाली. मुंबईचे बी. बी. नागरकरही तिथे ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलले होते. ‘त्या महालांत मोफत वीज होती’ वगैरे सोडून देतो. दिव्यांचं कंत्राट वेस्टिंगहाउस या वीज कंपनीकडे होतं.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. या प्रदर्शनाबद्दल बरंच दडवलं गेलं, हे खरं आहे. पण दडवलं ते वेगळंच. कृष्णवर्णीय अमेरिकनांना त्यात जवळजवळ जागाच दिली नव्हती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आयडा बी. वेल्स आणि फ्रेडरिक डग्लस यांनी त्याविरुद्ध पुस्तिका काढली, आणि वेल्स ती हैतीच्या दालनात स्वतः वाटत होत्या. झाकलेला इतिहासच शोधायचा असेल, तर तो हा आहे.

भाचीला आर्नल्डचे दोन फोटो पाठवलेत. मंगळवारी प्रकल्प द्यायचाय, तो परिच्छेद ती पुन्हा लिहितेय.