इच्छामरणाच्या मेसेजबद्दल खुलासा

‘सुप्रीम कोर्टाची परवानगी मिळाली, आता नोटरीकडे कागद केला की डॉक्टर मरणाचं इंजेक्शन देतात’ हा मेसेज चुकीचा आहे. ९ मार्च २०१८ चा निकाल आणि २४ जानेवारी २०२३ चा सुधारित आदेश पाहा. बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा व्हेंटिलेटरसारखा उपचार थांबवता येतो, तोही डॉक्टरांच्या दोन मंडळांनी मान्यता दिल्यावर. प्राणघातक इंजेक्शन आजही गुन्हाच आहे. नोटरीपुढे दोन साक्षीदारांसह होतं ते वैद्यकीय इच्छापत्र: शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत, एवढंच सांगणारं.

इंजेक्शनलाही मुभा असावी का, यावर जरूर वाद घाला. पण आयसीयूबाहेर बसलेल्या लेकीला अशा मेसेजमुळे वाटतं, व्हेंटिलेटर काढायला होकार दिला म्हणजे आपणच वडिलांना मारलं. फार क्रूर आहे हे. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.