‘चहा पिऊन पेशंट वाचतो का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, सर्पदंशावर आमच्या आरोग्य केंद्रात दर गुरुवारी बसतो त्या बैठकीबद्दल मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणालात, ‘डॉक्टर, सिस्टर, लॅबवाला एकत्र बसून चहा पितात, त्यानं पेशंट वाचत नाही. आधी रिकाम्या जागा भरा. अन् सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही.’ तुमच्या चुलत्यांना एका ओळीची चिठ्ठी देऊन पुढं पाठवलं, हेही लिहिलंत. म्हणून उत्तर सवडीनं देते आहे.

जागांबद्दल वादच नाही. एक एमओ (मेडिकल ऑफिसर) कमी असला की दुसरा रात्रभर जागून सकाळी ओपीडीत बसतो. ते बैठकीनं भरून निघत नाही. तुम्ही मोर्चा काढा, मी येते. (सरकारी नोकरी आहे, मागच्या रांगेत उभी राहीन.)

माझा वाद आहे तो चहाबद्दल. निंदणाच्या दिवसांत परड (घोणस) चावलेला माणूस आला, की दोन मिली रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत ठेवायचं. वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच कलती करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलंय. विषावरची लस सुरू, पहिल्यांदा दहा व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या), मोठ्यालाही अन् लेकरालाही तेवढीच, कारण साप वय पाहून विष सोडत नाही.

एका पावसाळ्यात आमच्याकडे जवळजवळ प्रत्येकाचं रक्त वाहायला लागलं. पायाला सूज नाही, हिरड्यांतून रक्त नाही, तरी नळी म्हणते विष आहे! आम्ही लस देत गेलो. लस म्हणजे काही तीर्थ नव्हे. अंगावर गांध्या उठतात, धाप लागते, बीपी कोसळतो. अ‍ॅड्रेनालिन हे त्यावरचं इंजेक्शन भरून हाताशी ठेवूनच ती द्यावी लागते. शिवाय साठा संपत आला होता.

गुरुवारी लॅबवाल्या दादांनी एकच प्रश्न विचारला, ‘नळ्या धुतं कोण?’ दारात कप गोळा करणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘मीच धुतो न. पावडरीनं घासून ठेवतो, चकाचक.’

सगळे गप्प. काचेच्या पृष्ठभागामुळं रक्त गोठायला लागतं. साबणाचा थर राहिला की ते गोठत नाही, प्लॅस्टिकच्या नळीतही तसंच होतं. साबणाचं दादांना माहीत होतं, पण नळ्या कोण धुतं ते माहीत नव्हतं. मावशींना धुणं माहीत होतं, नळीचं काम माहीत नव्हतं. डॉक्टरांना अन् मला फक्त निकाल दिसत होता. आता नव्या काचेच्या नळ्या वेगळ्या डब्यात असतात आणि त्यांना साबण लागत नाही. मावशी पहिले दोन दिवस रागावल्या होत्या, ते वेगळं.

आता चिठ्ठी. ‘सर्पदंश, लस दिली, पुढे पाठवत आहोत.’ आम्हीही वर्षानुवर्षं हेच लिहीत होतो. वरच्या रुग्णालयातल्या एका सिस्टरनं फोनवर झापलं तेव्हा कळलं की त्यांना हवी असते वेळ. सहा तासांनी नळी पुन्हा लावून पुढचा डोस ठरतो. ते सहा तास कधीपासून मोजायचे, हे आमच्या चिठ्ठीवर नसायचंच.

म्हणून तुमचं ते ‘कोणाचीच नाही’ मला पटतं. चिठ्ठीवर आता चार रकाने आहेत: चावल्याची वेळ, नळीचा निकाल, किती व्हायल, लस कधी दिली. व्हायलचा अन् वेळेचा रकाना मी भरते, खाली माझी सही. चुकलं तर कोणाला विचारायचं ते कळतं. ॲम्ब्युलन्सच्या चालकाला या बैठकीत आणणं मात्र अजून जमलेलं नाही.

ही अक्कल काही आमची नाही. अमेरिकेत मेन, न्यू हॅम्पशायर, व्हर्मांट या राज्यांतल्या बायपास करणाऱ्या सर्जननी १९८७ मध्ये गट बांधला. आपापले मृत्यूंचे आकडे एकमेकांपुढं ठेवले, सुधारणा कशी करायची ते शिकले, दुसऱ्याच्या रुग्णालयात जाऊन काम पाहिलं. १९९६ च्या अहवालात रुग्णालयातले मृत्यू २४ टक्क्यांनी घटलेले दिसले, अपेक्षेपेक्षा ७४ कमी. तिथं डॉक्टरांना तोटा नव्हता म्हणाल, तर गडचिरोली बघा. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार तिथले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्क्यांनी कमी झाले.

तुम्ही विचारता, तुमच्याकडं किती वाचले? एका केंद्रात सर्पदंशानं होणारे मृत्यू इतके थोडे, की त्यावरून छाती फुगवणं खोटेपणा होईल. आम्ही मोजतो ते एवढंच, किती चिठ्ठ्यांवर वेळ लिहिली होती.

तुमच्या चुलत्यांची ती चिठ्ठी घरात असेल तर नाव झाकून फोटो पाठवा. गुरुवारी लसीकरण आटोपलं की तीन वाजता बसतो, त्यात ठेवते.