चेंडू बुडला पाहिजे, पण किती वेगाने?

नमस्कार काका,

'पाण्याखाली खेळायचा चेंडू कसा असावा' या माझ्या लेखावर, म्हणजे चेंडूत हवेऐवजी मिठाचं पाणी भरावं या माझ्या सूचनेवर, तुम्ही मन लावून प्रतिक्रिया लिहिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं मला बरं वाटेना, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही लिहिता, की आम्ही गावच्या विहिरीत दगड नाहीतर नाणं टाकायचो आणि तळातून काढून आणायचो, त्यासाठी कुणी काही डिझाइन करत बसलं नव्हतं. हवेचा चेंडू पाण्यात दाबून धरला तरी दंडांना भरपूर व्यायाम होतो. चेंडू बुडवायचाच असेल तर त्यात वाळू भरावी, मिठाच्या पाण्याचा खटाटोप कशाला? आणि शेवटी, पोरांना पाण्याखाली दम कोंडून खेळायला लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. पण त्याचं उत्तर चेंडूच्या रचनेतून निघतं, म्हणून आधी तिकडे जातो.

विहिरीतल्या नाण्याबद्दल मला आदरच आहे. बुडी मारणं, पाण्यात डोळे उघडे ठेवणं, तळ गाठून पायाने रेटा देऊन वर येणं, हे सगळं त्या खेळाने पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. पण तो एकट्याचा खेळ आहे. दगड सरळ तळाला जातो आणि तिथेच पडून राहतो. तो दुसऱ्याच्या हातात फेकता येत नाही, मधल्या पाण्यात झेलता येत नाही. दोघा-चौघांनी मिळून पाण्याखाली खेळायचं, तर हातातून सुटलेली वस्तू साथीदार पोहोचेपर्यंत पाण्यातच कुठेतरी मिळायला हवी. ती किती वेगाने खाली किंवा वर जाते, यावर अख्खा खेळ ठरतो.

याची खरी उदाहरणं आहेत. इंग्लंडमधल्या साउथसी इथे 1954 मध्ये अ‍ॅलन ब्लेक यांनी पाणबुड्यांसाठी, म्हणजे पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरांसाठी, ऑक्टोपुश नावाचा खेळ सुरू केला, तोच आजचा अंडरवॉटर हॉकी. त्यातली चकती म्हणजे प्लास्टिकचं आवरण घातलेलं शिसं, वजन साधारण सव्वा-दीड किलो. ती तळाला चिकटून असते, म्हणून खेळही तळावरच चालतो. उलट वॉटर पोलोचा चेंडू हवेचा, म्हणून तो खेळ पृष्ठभागावरचा. या दोन्हींच्या मधलं सगळं पाणी रिकामंच होतं. 1961 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहरात लुडविग फॉन बेर्सुडा यांनी चेंडूत हवेऐवजी मिठाचं पाणी भरलं आणि ते मधलं पाणी खेळाला मोकळं झालं. त्यातून अंडरवॉटर रग्बी उभा राहिला. 1978 मध्ये पाणबुड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे सीमासने, त्याला मान्यता दिली आणि 1980 मध्ये जर्मनीतच म्युलहाइम इथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. साडेतीन ते पाच मीटर खोल तलाव, दोन्ही टोकांना तळाशी ठेवलेल्या धातूच्या टोपल्या, प्रत्येक संघाचे सहा जण पाण्यात. हल्ला बाजूने येतो तसा वरून येतो, खालूनही येतो. चेंडू तळाला बसणारा असता किंवा वर उसळणारा असता, तर हे झालंच नसतं.

आता मीठ. तुम्ही त्याला खटाटोप म्हणता, मला मात्र या सगळ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट तीच वाटते. थोडा हिशेब करून दाखवतो.

या खेळात पुरुषांच्या चेंडूचा घेर 52 ते 54 सेंटिमीटर असतो. म्हणजे आकारमान सुमारे अडीच लिटर. पाण्यात तो अडीच किलो पाणी बाजूला सारतो, तेवढंच प्लावक बल त्याला वर ढकलतं. नियमाप्रमाणे चेंडू सेकंदाला 1 ते 1.25 मीटर या वेगाने बुडायला हवा. एवढ्या आकाराचा गोल सेकंदाला एक मीटर वेगाने पाण्यातून जाताना त्याला होणारा विरोध काढला, तर तो साधारण अर्धा किलो वजनाइतका, किंवा किंचित जास्त, येतो. म्हणजे चेंडू त्याने सारलेल्या पाण्यापेक्षा अर्धा किलोने जड हवा, एकूण तीन किलोचा. अडीच लिटरमध्ये तीन किलो, म्हणजे घनता पाण्याच्या 1.2 पट. आणि साध्या मिठाचं संपृक्त द्रावण, ज्यात आणखी मीठ विरघळतच नाही असं पाणी, त्याची घनता बरोबर 1.2 च्या आसपास असते!

त्यामुळे जगातल्या कुठल्याही गावात, वजनकाटा नसला तरी, मीठ विरघळायचं थांबेपर्यंत ढवळलं की चेंडू जवळपास हव्या त्या वेगाला येतो. जास्त मीठ घालून तो आणखी जड करावा म्हटलं तरी होत नाही, कारण जास्तीचं मीठ तळाशी बसतं. मर्यादा पदार्थातच आहे. लागतं किती? अडीच लिटरच्या द्रावणात पाऊण किलोहून थोडं जास्त. चेंडू फुटला तरी काही लाख लिटरच्या तलावात तेवढं मीठ कुणाला कळणारही नाही.

वाळू का नको, तेही यातूनच दिसतं. चेंडू ओल्या वाळूने गच्च भरला तर अडीच लिटरचं वजन पाच किलोच्या घरात जातं, तो दगडासारखा तळ गाठतो. कमी वाळू आणि बाकी पाणी भरलं तर वाळू आत सरकत राहते, नेहमी खालच्या बाजूला गोळा होते आणि फेकल्यावर चेंडू भलत्याच दिशेला वळतो. शिवाय चेंडूच्या आतली रबरी पिशवी, म्हणजे ब्लॅडर, रोज थोडी थोडी घासली जाते. मिठाचं पाणी सगळीकडे सारखं असतं, चेंडू कसाही धरा, कसाही फिरवा, त्याचा मध्य मध्यातच राहतो. याच कारणासाठी मी द्रावण फडक्यातून गाळून भरायला सांगतो. न विरघळलेले खडे आत गेले की वाळूचीच अडचण पुन्हा उभी राहते.

काही जणांनी मला अर्धी हवा आणि अर्धं पाणी, थोडं वजन वगैरे भरून 'ना बुडणारा ना तरंगणारा' चेंडू करण्याचा मार्ग सुचवला आहे. तो जमत नाही, कारण हवा दाबली जाते. तीन मीटर खोलीवर दाब पृष्ठभागापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी जास्त असतो. मऊ चेंडूतली हवा तिथे जवळजवळ पाऊणपट होते. चेंडू आक्रसतो, कमी पाणी सारतो आणि आणखी जोरात बुडू लागतो. वर आणला की फुगतो आणि आणखी जोरात वर पळतो. तो जिथे टिकून राहील अशी खोलीच नसते. म्हणून माझा आग्रह असा, की पाण्याखालच्या चेंडूत हवेचा बुडबुडासुद्धा राहता कामा नये. भरताना चेंडू पाण्यात बुडवून व्हॉल्व्ह वर धरायचा आणि दाबत दाबत शेवटची हवा काढायची. यात घाई करू नये.

हवेचा चेंडू दाबून धरण्याच्या व्यायामाकडे वळतो. वॉटर पोलोचा पुरुषांचा चेंडू 68 ते 71 सेंटिमीटर घेराचा आणि 400 ते 450 ग्रॅम वजनाचा असतो. तो पूर्ण बुडवला तर साडेपाच लिटरहून जास्त पाणी सारतो, म्हणजे तळहातावर पाच किलोचा जोर सतत वर लागतो. जोर लागतो हे तुमचं म्हणणं अगदी खरं. पण तो एकाच दिशेचा असतो आणि सुटी देत नाही. हात थकला, चेंडू निसटला, की तो सरळ वर उसळतो आणि तिथे बहुतेक वेळा आपलाच चेहरा असतो.

पाण्याने भरलेला चेंडू वेगळ्या रीतीने काम करतो. साध्या पाण्याने भरला तर पाण्यात त्याला जवळजवळ वजनच राहत नाही. नुसता धरून ठेवायला काहीच जोर लागत नाही. पण हलवायला जा, लगेच अडवतो. अडीच किलो आतलं पाणी तर हलवावं लागतंच, शिवाय भोवतालचं पाणीही बाजूला करावं लागतं. गोलाच्या बाबतीत ही भर सारलेल्या पाण्याच्या निम्मी असते, म्हणजे हाताला पावणेचार किलोची वस्तू हलवल्यासारखं वाटतं. मग वेग घेतला की विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, दुप्पट वेगाला चौपट. पुढे ढकला, मागे ओढा, आडवा फिरवा, प्रत्येक दिशेला अडथळा सारखाच. ज्याला जेवढा व्यायाम हवा त्याने तेवढ्या वेगाने हात चालवावा, थांबला की भार संपला. दुखऱ्या खांद्याच्या माणसाने फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करावी, हे आहेच. पण साठी उलटलेल्या माणसांनी छातीभर पाण्यात उभं राहून असा चेंडू दोन्ही हातांनी आडवा फिरवावा, असं मी मनापासून सुचवतो.

याच विरोधामुळे पाण्याखाली चेंडू लांब जात नाही. दर अर्ध्या-पाऊण मीटरला त्याचा वेग निम्मा होतो. दोन-तीन मीटरचा पास म्हणजे चांगला पास. जवळ जावं लागतं, साथीदार कुठे आहे हे बघावं लागतं, चेंडू हातात देण्याइतका नेमका पोहोचवावा लागतो. मला हा खेळ आवडतो तो यामुळे. अंडरवॉटर रग्बीत चेंडू पाण्याबाहेर काढायला बंदी आहे, तेही योग्यच आहे. पाण्यात अर्धा किलो भासणारा चेंडू हवेत तीन किलोचा होतो आणि कुणाच्या डोक्यावर पडला तर फार लागेल.

आता दम कोंडण्याबद्दल. तुमची भीती खरी आहे, आणि मूळ लेखापेक्षा इथे मी ती अधिक सविस्तर लिहितो. आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. बुडीआधी भराभर खोल श्वास घेतले की तो उतरतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली श्वासाची निकड उशिरा जाणवते आणि तोवर ऑक्सिजन इतका घटलेला असू शकतो, की माणसाची शुद्ध हरपते. धडपड नाही, हाका नाहीत. चांगल्या पोहणाऱ्यांच्या बाबतीतही हे घडतं, बऱ्याचदा त्यांच्याच, कारण त्यांना आणखी थोडं थांबता येईल असं वाटतं. म्हणून बुडीआधी जोरजोरात श्वास घेणं आणि 'कोण जास्त वेळ खाली राहतो' ही पैज, या दोन्ही गोष्टी मी साफ बंद ठेवतो.

पण काका, याच कसोटीवर विहिरीतलं नाणंही घासून बघा. नाणं सापडेपर्यंत पोरगा खालीच राहतो, रिकाम्या हाताने वर यायची त्याला लाज वाटते. चेंडूच्या खेळात वर येण्यात कमीपणा नाही, दम कमी पडला की चेंडू साथीदाराला द्यायचा आणि वर यायचं, तोच खेळाचा रीतसर भाग आहे. चेंडू हळू बुडणारा असेल तर तो सोडून दिला तरी पाण्यातच अधांतरी राहतो, मागे खोल जावं लागत नाही. संपृक्त मिठाचा चेंडू खोल पाण्यातल्या तरबेज खेळाडूंसाठी आहे, तो मुलांना देऊ नये. बुडण्याचा वेग निम्मा हवा असेल तर जादा वजन चौथ्या हिश्शाने पुरतं, त्यासाठी लिटरला साधारण 80 ग्रॅम मीठ बास झालं. आणि अगदी नवख्यांना मीठ नकोच.

तुम्ही शेवटी विचारलंत, की नातवाला असा चेंडू द्यावा का. तो नीट पोहत असेल तर जरूर द्या. नळाने पाणी भरायचे चेंडू बाजारात मिळतात. त्याला दोन्ही हातांत सहज मावेल असा लहान घ्या, निळ्या फरशीवर आणि हिरवट पाण्यातही उठून दिसेल असा पिवळा किंवा नारिंगी. साधं पाणी भरा, हवा पूर्ण काढा. पाणी त्याच्या छातीपर्यंतच असावं, कानाला दडा बसू लागला तर त्याने लगेच वर यायचं. एका वेळी एकानेच बुडी मारायची आणि दुसऱ्याने वर राहून त्याच्यावर नजर ठेवायची. तो दुसरा तुम्हीच असलात तर उत्तम. विहिरीचा अनुभव असलेला माणूस काठावर नको, पाण्यातच उभा हवा. दोन बुड्यांच्या मध्ये श्वास पूर्ण स्थिरावू द्या. आधी चेंडू एकमेकांच्या हातात देणं जमवा, मग हातभर अंतरावरून सोडणं. पहिल्या काही दिवसांत एवढं पुरे, खोल पाण्याचा विषय त्याने स्वतःहून काढला तरी लगेच हो म्हणू नका.